केबल वेकबोर्डिंगच्या स्पर्धेत पंच नेमकं काय बघतात?

काठावरचा (धागाकर्ता)

बोटीऐवजी टॉवरांवरून फिरणाऱ्या केबलच्या दोरीने ओढलं जात, पायाला बांधलेल्या बोर्डवर पाण्यावर ट्रिक करायच्या, हे केबल वेकबोर्डिंग. त्यात मला आठ वर्षं झाली. चारेक स्पर्धांत उतरलो, आणि दर वेळी निकाल लागला की डॉकवर एकच वाक्य ऐकू यायचं: "पंचांच्या मनात आलं तसे गुण दिले." दोनदा तर ते मीच म्हटलं होतं. गेल्या मोसमात गुडघ्यामुळे उतरता आलं नाही, म्हणून एका स्पर्धेत पंचांच्या मचाणावर लेखनिक म्हणून बसलो. दोन दिवस तिथे काढल्यावर जे कळलं ते इथे लिहावंसं वाटलं.

लेखनिकाचं काम सोपं वाटतं, पण दमवतं. पंच पाण्यावरची नजर काढत नाही. तो पुटपुटत राहतो आणि आपण ते कागदावर उतरवायचं. "हील रेली, उंच, ग्रॅब नाही. किकर, बॅकसाइड पाच-चाळीस, टेल धरला, स्वच्छ. रेल, बोर्डस्लाइड, लवकर उतरला. एस-बेंड, हात टेकला." (किकर म्हणजे उडी घ्यायचा उतार, रेल म्हणजे सरकायचा लांब दांडा, ग्रॅब म्हणजे हवेत बोर्ड हाताने धरणं, टेल म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, पाच-चाळीस म्हणजे ५४० अंशांची गिरकी; रेली आणि एस-बेंड ही ट्रिकची नावं.) एवढं लिहून होईतो रायडर पुढच्या टॉवरला वळलेला असतो. वेकबोर्डिंगला केबलचा वेग साधारण ताशी ३० किलोमीटर ठेवतात, त्यामुळे एक फेरी बघता बघता संपते. आमच्या मचाणावर तीन पंच होते. तिघांच्या खुर्च्या एकमेकांपासून लांब, आणि रन (एका रायडरची गुणांसाठीची खेळी) संपल्यावर कोणी कोणाकडे वळून बघायचं नाही अशी मुख्य पंचांची सक्त ताकीद.

पहिल्याच हीटमध्ये (सहा जणांच्या गटफेरीत) पहिल्या रायडरला माझ्या पंचाने ५५ दिले. मला तो रन चांगला वाटला होता. हीट संपल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, "याच्या मागे पाच जण होते. याला ऐंशी देऊन बसलो असतो आणि पुढचा याच्याहून खूप भारी निघाला असता, तर त्याला कुठे बसवलं असतं?"

मला तिथेच उलगडा झाला. शंभरातले ते ५५ परीक्षेतल्या मार्कांसारखे नसतात. पंच त्या हीटमधल्या सहा जणांची क्रमवारी लावत असतो आणि आकडा ही ती क्रमवारी लिहून ठेवायची सोय असते. म्हणून पहिल्या रायडरला मधला आकडा मिळतो, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे जागा राहते. दुसरा आला की पंचाच्या मनात प्रश्न एवढाच असतो: हा पहिल्याच्या वर की खाली, आणि किती अंतराने?

यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि ती फार जण लक्षात घेत नाहीत. एका हीटमधले ६२ आणि दुसऱ्या हीटमधले ६२ यांची तुलना होऊ शकत नाही. हीटमधले पहिले दोघे पुढे आणि बाकीचे 'शेवटची संधी' फेरीत, अशी रचना असली की प्रश्न येत नाही, कारण तिथे क्रमच वापरला जातो. पण "सगळ्या हीट मिळून सर्वाधिक गुणांचे आणखी दोघे घेऊ" असं आयोजकांनी ठरवलं की घोळ सुरू. माझ्या मते हा नियम कुठेही असू नये.

आता पंच बघतात काय. बोटीमागच्या वेकबोर्डिंगमधून आलेली तीन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत: एक्झिक्युशन, इंटेन्सिटी, कॉम्पोझिशन. सफाई, जोर आणि जुळणी म्हणू या. सफाई म्हणजे ट्रिक पूर्ण झाली का, ग्रॅब खरंच धरला की नुसता हात लावला, लँडिंगला बोर्ड सपाट पडला की पार्श्वभाग पाण्याला टेकला. जोर म्हणजे उंची, अवघडपणा, किती धोका पत्करला. जुळणी म्हणजे रनमध्ये काय काय होतं आणि कोणत्या क्रमाने.

गुण सर्वाधिक जातात ते या तिसऱ्यापायी, आणि रायडरला ते कळतही नाही. मी लिहिलेल्या कागदांमध्ये असे रन कितीतरी होते: रेली, मग एस-बेंड, मग क्रिप्ट, मग ३१३. चारही अवघड, चारही अंगावर काटा आणणाऱ्या. पण चारही एकाच कुळातल्या. टाचेच्या कडेवर दोरी ताणायची, सोडायची, अंग पाण्याला समांतर मागे फेकलं जातं. पुढचा फरक गिरकीचा आणि लँडिंगचा. पंचाच्या कागदावर ही 'रेली, रेली, रेली, रेली' होते. त्याच हीटमध्ये एकाने एकच रेली घातली, पंज्याच्या कडेवरून एक रोल, किकरवर स्विचमध्ये (नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून) एक गिरकी, रेलवर चढताना अर्धी आणि उतरताना पाऊण फिरकी, आणि तो पाच गुणांनी वर गेला. डॉकवर त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

तुमचे अनुभव लिहा. पंच म्हणून बसलेलं कोणी इथे असेल तर फारच छान.

स्लॅलमप्रेमी

सविस्तर लिहिलंत, आवडलं. पण मी वॉटरस्कीतून आलोय, त्यामुळे हे सगळं वाचून जरा अस्वस्थ झालो. आमच्या स्लॅलममध्ये मनाला जागाच नाही. बोटीमागे सहा बॉयना (तरंगत्या खुणांना) वळसा घातलात की वेग वाढतो. खुल्या गटात पुरुषांसाठी ताशी ५८ आणि महिलांसाठी ५५ किलोमीटरपर्यंत. तिथून पुढे वेग तोच आणि दोरी तोकडी: १८.२५ मीटर, मग १६, मग १४.२५, असं करत करत १० मीटरच्या आसपास. चुकलात त्या बॉयपर्यंतचा हिशोब. वाद घालायला कोणाला वावच राहत नाही.

ट्रिक स्कीइंगमध्येही प्रत्येक ट्रिकचे गुण तक्त्यात छापलेले असतात. वीस-वीस सेकंदांचे दोन पास, आणि एक ट्रिक एकदाच मोजायची. पंच फक्त ठरवतात की ट्रिक झाली की नाही. वेकबोर्डला असा तक्ता का करत नाहीत?

गिरकी

@स्लॅलमप्रेमी, मी गेली काही वर्षं पंच म्हणून बसते आहे, म्हणून उत्तर देते.

तक्ता केला तर पहिली अडचण उंचीची. ट्रिक स्कीइंगमध्ये वळण पूर्ण झालं की झालं. ते किती दिमाखात झालं याला तक्त्यात रकाना नाही. आमच्याकडे एक रेली पाण्यापासून हातभर वर होते आणि दुसरी बोर्ड डोक्याच्या वर नेऊन. नाव एकच. तक्ता दोघांना सारखे गुण देईल, आणि पाण्याकाठी उभं असलेलं लहान मूलही सांगेल की त्या सारख्या नव्हत्या.

दुसरं म्हणजे माणूस तक्त्यासाठी खेळायला लागतो. तक्त्यात ज्या ट्रिकला कष्टाच्या मानाने गुण जास्त, ती सगळेच करणार. मोसमाच्या शेवटी पन्नास रायडर एकच रन करताना दिसतील. आणि ज्याने नवीन काही शोधलं त्याला तक्त्यात जागाच नसणार.

तरी तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. जिम्नॅस्टिक्सने २००६ पासून दोन भाग वेगळे केले: अवघडपणाचे गुण वेगळे पंच मोजतात, सफाईचे वेगळे. मला वाटतं आपल्याकडे एवढं तरी करता येईल की तीनपैकी कोणत्या निकषावर किती मिळाले हे रायडरला दाखवायचं. आज बहुतेक ठिकाणी एकच एकूण आकडा भिंतीवर लागतो. त्यातून रायडरला शिकायला काही मिळत नाही. ५८ बघून त्याने घरी जाऊन कशाचा सराव करायचा?

धागाकर्त्याने कुळांचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. फक्त एक भर घालते. 'वेगळं' म्हणजे नुसतं ट्रिकचं नाव वेगळं असून भागत नाही. आम्ही बघतो ते असं: टाचेकडून आणि पंज्याकडून दोन्ही आलं का? नेहमीच्या बाजूने आणि स्विचमध्येही? गिरक्या दोन्ही दिशांना? डोकं खाली जाणाऱ्या आणि उभ्या गिरक्या दोन्ही? हवेतल्या, किकरवरच्या आणि रेलवरच्या, तिन्ही? रेलवर नुसतं सरकून उतरलेला आणि मध्ये प्रेस करून (बोर्डाचं एक टोक उचलून) दुसऱ्या बाजूला उतरलेला यात आम्हाला फार मोठा फरक दिसतो. रेल म्हणजे विश्रांतीची जागा नाही हे अजून खूप जणांच्या डोक्यात शिरत नाही.

मधली_दोरी

धागाकर्त्याला एक प्रश्न. तुमच्या स्पर्धेत तीन पंचांची सरासरी घेत होते का? विचारतो कारण आमच्याकडे एकदा यावरून मोठं रामायण झालं. खरे आकडे आठवत नाहीत, पण प्रकार असा होता. समजा:

रायडर अ: ८०, ६२, ६१
रायडर ब: ७०, ६६, ६५

अ ची बेरीज २०३, सरासरी ६७.६७. ब ची बेरीज २०१, सरासरी ६७. अ जिंकला. आता पुन्हा बघा. तीनपैकी दोन पंचांनी ब ला वर ठेवलं होतं! ज्या पंचाचा हात सैल, त्याने एकट्याने निकाल फिरवला. त्याने काही गैर केलं असं मी म्हणत नाही. तो सगळ्यांनाच पसरून गुण देत होता, बाकीचे दोघे आखडून. पण सरासरीत पसरून देणाऱ्याचं वजन आपोआप वाढतं.

काठावरचा

@मधली_दोरी, हो, सरासरीच होती. आणि तुम्ही हे मांडेपर्यंत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मी पंच आकड्यांत क्रमवारी लावतात असं वर लिहिलं, पण शेवटी बेरीज करताना क्रम विसरून आकडेच धरले जातात. हे दोन्ही एकमेकांत बसत नाही.

गिरकी

बरोबर पकडलंत. यावर तीन उपाय माझ्या बघण्यात आहेत.

सर्फिंगमध्ये मोठ्या स्पर्धांत पाच पंच असतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा टाकून मधल्या तिघांची सरासरी. तीनच पंच असतील तर दोन टाकून मधला एकच उरतो. तुमच्या उदाहरणात अ ला ६२ आणि ब ला ६६, म्हणजे ब जिंकतो. पण एकाच माणसाच्या आकड्यावर निकाल ठरवायला मन धजत नाही.

दुसरा उपाय, प्रत्येक पंचाचे आकडे क्रमांकांत बदलायचे आणि क्रमांकांची बेरीज करायची. सरळ आणि न्याय्य, पण बरोबरी फार वेळा होते, आणि ज्याने सगळ्यांना मैलभर मागे टाकलं त्याला त्या अंतराचा काहीच फायदा नाही.

तिसरा उपाय हीट सुरू होण्याआधीचा, आणि माझा भर त्यावरच असतो. मुख्य पंचाने सरावाच्या फेऱ्या सगळ्यांसोबत बघायच्या, दोन-तीन रन प्रत्येकाने आपापले गुणांकित करायचे आणि मग तोंडी जुळवायचं. "हा मधला समजू या. याच्या खाली इथपर्यंत, वर इथपर्यंत." अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवला की दिवसभर भांडणं निस्तरावी लागतात.

दोनटॉवर

सगळे गोल फिरणाऱ्या मोठ्या केबलबद्दल बोलताय. मी दोन टॉवरच्या सरळ केबलवर रायडिंग करतो. तिथे एका वेळी एकच रायडर, आणि केबल चालवणारा माणूस वेग हाताने सांभाळतो. टोकाला पोचलं की थांबवून उलट फिरवतो. त्याने टोकाला जरा लवकर वेग उतरवला तर तुमची ट्रिक गेली. म्हणजे निकालात त्याचाही वाटा. आमच्याकडे फायनलला एकच ऑपरेटर सगळ्यांसाठी, असा नियम आहे, आणि तो सगळीकडे हवा.

मोठ्या केबलचा प्रश्न निराळा. केबल घड्याळाच्या उलट फिरत असेल तर डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची टाच आतल्या बाजूला येते आणि उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याची बाहेर. एकच किकर, एकाला टाचेवरून गाठायचा, दुसऱ्याला पंज्यावरून. पंच हे धरतात का?

गिरकी

धरायला हवं, आणि जाणता पंच धरतो. म्हणून लेखनिकाच्या कागदावर नावासमोर पहिली खूण हीच असते, डावा पुढे की उजवा. ही खूण राहिली तर स्विच कोणतं आणि साधं कोणतं यातच गफलत होते. पण खरा इलाज अडथळे मांडणाऱ्याच्या हातात असतो. दोन्ही बाजूंनी गाठता येतील असे किकर आणि रेल हवेत.

स्लॅलमप्रेमी

अवांतर विचारतो. केबलची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये येणार असं मध्यंतरी ऐकलं होतं, त्याचं काय झालं?

मधली_दोरी

२०११ मध्ये २०२० च्या खेळांसाठी जी आठ नावांची छोटी यादी झाली, तीत वेकबोर्ड होतं. आंतरराष्ट्रीय वॉटरस्की आणि वेकबोर्ड महासंघाने दावा केबलच्या जोरावर केला होता: बोट नाही, विजेवर चालणारी यंत्रणा, सगळं प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. मे २०१३ मध्ये यादी तीनवर आली त्यात नाव गळलं. शेवटी कुस्तीला जागा मिळाली. पन्नासच्या दशकाअखेरीस ब्रूनो रिक्सेन या जर्मन अभियंत्याने केबलची कल्पना काढली तेव्हा बोटीशिवाय स्कीइंग हाच हेतू होता. तिथून हा खेळ इतका पुढे येईल असं कोणाला वाटलं असेल?

दोनटॉवर

स्केटबोर्डिंग मात्र शिरलं. टोकियोत स्ट्रीट प्रकारात दोन रन आणि पाच सुट्या ट्रिक होत्या, त्यातले सर्वोत्तम चार आकडे धरले. केबलला हे का नको? एक चूक झाली की सगळा रन पाण्यात, हे फार क्रूर आहे.

काठावरचा

मला ते नको वाटतं. केबलची गंमत फेरीत आहे. टॉवरच्या वळणावर दोरी सैल पडते, मग हिसका बसतो, त्या हिसक्यातून सावरून पुढच्या सरळ पट्ट्यात पुन्हा दोरी ताणायची. दोन ट्रिकच्या मधला हा भाग कोणाला जमतो आणि कोणाला नाही, ते रनमध्येच दिसतं. सुटी ट्रिक पाहिली तर ते सगळं कापून टाकल्यासारखं होतं. दोन रन देऊन त्यातला चांगला धरायचा, हा मार्ग पुरेसा दयाळू आहे.

नवखी

सगळा धागा दोनदा वाचला. पुढच्या महिन्यात पहिली स्पर्धा आहे, म्हणून दोन-तीन शंका. केबल मध्येच बंद पडली तर? हेल्मेट लागतंच का? आणि गुण पटले नाहीत तर तक्रार करता येते का?

गिरकी

केबल बंद पडली, दोरी तुटली, म्हणजे दोष यंत्रणेचा असेल तर पुन्हा रन मिळतो. तुमचं बाइंडिंग (बोर्डावर पाय अडकवायचा बूट) सुटलं तर बहुतेक नियमपत्रकांत मिळत नाही, तेव्हा आदल्या दिवशी स्क्रू बघून ठेवा. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट लागतातच, आणि नियम नसता तरी घातले असते. तक्रार बेरजेवर किंवा नियम चुकीचा लावला त्यावर करता येते. पंचाच्या मतावर नाही. पण हीट संपल्यावर पंचाला शांतपणे विचारायला काहीच हरकत नाही. आम्हाला ते आवडतं. आणि रायडरांची बैठक चुकवू नका. रन कुठे सुरू होतो, कुठे संपतो, पडल्यावर काय, हे जागेगणिक बदलतं. खुणेच्या पुढे केलेली ट्रिक कितीही सुंदर असली तरी कागदावर येत नाही.

नवखी

खूप आभार. माझा रन असा ठरवलाय, सांगा कसा वाटतो: पहिल्या पट्ट्यात हील रेली, मग किकरवर फ्रंटसाइड ३६० इंडी ग्रॅबसकट, रेलवर बोर्डस्लाइड, नंतर एस-बेंड, शेवटी क्रिप्ट. डावा पाय पुढे. पडले तर रन तिथेच संपतो असं आयोजकांनी कळवलंय.

काठावरचा

ताई, रेलीचं कुळ तीनदा आलंय. एस-बेंड ठेवा, कारण ती तुमची सर्वांत मोठी ट्रिक दिसतेय. सुरुवातीची रेली आणि शेवटची क्रिप्ट यातली एकच ठेवा. पंज्याच्या कडेवरून काही येतं का?

नवखी

टोसाइड बॅक रोल. दहातून सहा वेळा जमतो.

गिरकी

मग तो शेवटच्या पट्ट्यात ठेवा. पडलात तरी आधीचं सगळं कागदावर आलेलं असेल. पहिली ट्रिक मात्र झोपेतही जमेल अशी हवी, म्हणून हील रेली काढू नका, क्रिप्ट काढा. आणि बोर्डस्लाइडवरून उतरताना निदान अर्धी फिरकी घेऊन स्विचमध्ये उतरा. पुढचा एस-बेंड सुरू करायच्या आधी परत वळायला वेळ मिळतो का ते उद्या करून बघा. नाही मिळाला तर रेल आणि एस-बेंड यांची अदलाबदल करा.

नवखी

आज संध्याकाळी चार फेऱ्या मारल्या. तीनदा वळायला वेळ पुरला. चौथ्यांदा नाही, कारण रेलवरून उतरताना दोरी सैल सोडली होती. क्रम तोच ठेवतेय. उद्यापासून फक्त बॅक रोल.